डिंगलवालीला मिळालेला शब्द

एलीशच्या घरावर दगडी कौलं होती आणि गॉबनिटच्या घरावर गवत. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कूमबॉनमध्ये दोन बायकांचं वाकडं यायला एवढं कारण पुष्कळ झालं. पण गॉबनिट कौलांवर जळणारी नव्हती. ती डिंगलच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराची लेक, कौलं काय भावानं पडतात हे तिला माहीत होतं. तिच्या पोटात दुखायचं ते दुसऱ्याच कारणानं. तिची स्वतःची सासू मेग रोज संध्याकाळचा चहा घशाखाली गेला रे गेला की काठी उचलायची आणि बटाट्याच्या शेताचा बांध ओलांडून थेट एलीशच्या चुलीपाशी जाऊन बसायची.

घरात मेगच्या तोंडून शब्द बाहेर पडायची मारामार. "मीठ." "दार लाव." "कोंबडी परसात गेली." दिवसभराचं बोलणं एवढंच. आणि तीच म्हातारी एलीशकडे गेली की तिच्या जिभेला पालवी फुटायची. बुडालेल्या होड्या, कुणाच्या लग्नातली मारामारी, जमीनदाराच्या कारकुनाची कशी जिरवली, मेलेल्या माणसांनी जिवंतांना दिलेले निरोप. सगळा गाव चुलीभोवती गोळा व्हायचा. गॉबनिट आपल्या घरात एकटी मोजे विणत बसायची आणि बांधापलीकडून हसण्याचा आवाज आला की तिचा टाका सुटायचा.

खरं दुखणं त्याहून जुनं होतं. मेगला सून म्हणून एलीशच हवी होती. एलीशला बाप्तिस्म्याच्या वेळी मेगनंच हातात धरलं होतं, ती तिची धर्मलेक. पण ईस्टरआधीचे उपवास लागायच्या आधी, लग्नं जुळवायच्या दिवसांत, एलीशच्या बापानं कौलारू घर पाहिलं आणि पोरगी तिकडे दिली. मग दॉनलसाठी, मेगच्या एकुलत्या मुलासाठी, डिंगलची ही मुलगी आणली. मेगनं तिला कधी नावानं हाक मारली नाही. "डिंगलवाली" म्हणायची. दारात कुणी पाहुणा येऊन घरची बाई कोण असं विचारू लागला तर मेग खुर्चीतून म्हणायची, "मीच." गॉबनिट तेव्हा हात पिठात घालून उभी असायची.

यात भर पडली प्यू मास्तरांची. इड्वल प्यू हा वेल्समधला माणूस, तिकडच्या कॉलेजात शिकवायचा आणि उन्हाळा लागला की जुनं आयरिश ऐकायला कूमबॉनला यायचा. आमचं बोलणं कुणी समुद्र ओलांडून ऐकायला येतं याचं गावाला आधी हसू आलं, मग अभिमान वाटला. उतरायला खोली एलीशकडेच होती, म्हणून तो तिथं राहायचा. एकदा त्यानं डब्लिनच्या कुठल्याशा मासिकात लिहिलं की एलीशच्या चुलीपाशी जसं आयरिश कानावर पडतं तसं आता दुसरीकडे उरलेलं नाही. एलीशनं ते पान कापून येशूच्या तसबिरीखाली चिकटवलं.

"एलीशच्या चुलीपाशी," गॉबनिट दॉनलला म्हणाली. "आणि तोंड कुणाचं? तुझ्या आईचं. माझ्या घरचे बटाटे खाऊन तिथं जाऊन बोलायचं."

"बोलू दे की," दॉनल जाळं दुरुस्त करत म्हणाला. "इथं शांतता असते, ते वाईट आहे का?"

या माणसाला कशाचंच काही वाटत नसे. गॉबनिटला वाटायचं ते त्याच्याही वाटणीचं वाटायचं.

एका दुपारी ती एलीशकडे अंडी पोचवायला गेली. एलीश घरात नव्हती. परसातल्या भिंतीपाशी प्यू मास्तर आणि गावच्या चर्चचे फादर मोरिआर्टी पाइप ओढत उभे होते आणि इंग्रजीत बोलत होते. मास्तर गावकऱ्यांशी आयरिशच बोलायचे. इंग्रजी त्यांनी मुद्दाम काढली होती, कुणाला कळू नये म्हणून. गावातल्या बायकांना ती येत नसे हे खरं. पण गॉबनिटचं बालपण दुकानाच्या फळीमागे गेलं होतं. साबण, चहा आणि दिव्याचं तेल ती इंग्रजीतच विकायला शिकली. ती अंड्यांची टोपली घेऊन गोठ्याच्या आडोशाला उभी राहिली.

"एकच शब्द आहे, फादर," मास्तर म्हणाले. "बाई."

"बाईपायी इतके उन्हाळे घालवलेत?" फादर हसले. "आमच्या बिशपांच्या कानावर जाऊ देऊ नका."

मास्तरही हसले, पण लगेच रंगात आले. म्हणाले, तुमची आयरिश आणि आमची वेल्श वेगळ्या व्हायच्या आधी दोघींची एकच आई होती. तिची लिहिलेली एक ओळ शिल्लक नाही. पणतवंडांची तोंडं बघून पणजीचं नाक कसं असेल ते ठरवावं, तसे आम्ही तिचे शब्द ठरवतो आणि शब्दापुढे एक चांदणी काढतो. चांदणी म्हणजे, हे कुणी ऐकलेलं नाही, हा आमचा अंदाज आहे. बाईला तेव्हा 'बेना' म्हणत असावेत. पण बाईचं घर, बाईची गाय म्हणायचं झालं की तोच शब्द 'म्नास' व्हायचा, ओळखूसुद्धा येणार नाही इतका बदलायचा. आणि त्याच्याही मागे एक थोरली पूर्वज होती. तिची एक लेक पार हिंदुस्थानात गेली, तिथल्या वेदांत ती 'जनि' आणि 'ग्ना' म्हणून भेटते.

"आमच्या वेल्समध्ये हे सगळं झिजलं," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे बाई म्हणजे 'बॅन' आणि बाईचं म्हणजे 'म्ना', हे अजून शेंबडं पोरही बोलतं. राहिलं एक. बाईला काही द्यायचं, सांगायचं असलं की जुनी माणसं 'म्नी' म्हणायची. आता तिथंही 'बॅन'च म्हणतात. 'म्नी' जुन्या पोथ्यांत आहे, प्रार्थनेतही कुठे कुठे आहे. पण प्रार्थना पाठ असते. मला तो कुणाच्या तोंडून सहज आलेला ऐकायचाय."

"मग मेगला विचारा. तिच्याजवळ नसेल असा शब्द नाही."

"विचारला की गेला, फादर. विचारून काढलेला शब्द म्हणजे शाळेतलं उत्तर. तो मी टिपत नाही. मला वाट बघावी लागते. मागच्या वर्षी मेगआजी म्हणाल्या असं वाटलं, पण नेमका कुणीतरी खोकला."

गॉबनिट अंडी तिथंच दगडावर ठेवून घरी आली. हा माणूस या एका शब्दासाठी थांबलाय, तो शब्द तिच्या सासूच्या पोटात आहे, आणि तो बाहेर पडणार एलीशच्या घरात. उद्या पडेल, परवा पडेल, आणि तसबिरीखाली आणखी एक पान लागेल. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. विचारला की गेला, हेही तिनं ऐकलं होतं. पण मत्सराचे कान सोयीचं तेवढंच ऐकतात. मी कुठे विचारणार आहे, तिनं स्वतःला समजावलं. मी फक्त जरा वळण लावेन.

दुसऱ्या दिवशी मेग म्हणाली, "ताक त्या पलीकडच्या बाईला नेऊन दे."

"आई, 'म्नी' म्हणावं हो तिथं," गॉबनिट गोड आवाजात म्हणाली. "जुनी माणसं तसंच म्हणत."

मेगनं मान वर केली. "जुनी माणसं? मग मी कोण? परवा जन्मले?"

"तसं नाही. लोक तुमचं ऐकायला येतात, म्हणून म्हटलं."

"साबण विकणारी मला बोलायला शिकवते," मेग चुलीला म्हणाली. ती सुनेपेक्षा चुलीशी जास्त बोलायची.

पण गॉबनिटनं पिच्छा सोडला नाही. कोंबडीला दाणे टाकताना, जळणाच्या पीटची ढेकळं रचताना, म्हातारीच्या तोंडून 'बाईला' आलं की हिनं टोकलंच. आधी मेग चिडायची. मग गप्प व्हायला लागली. मग एक दिवस वाक्याच्या मध्येच थांबली आणि ओठांवरून बोट फिरवत बसली. इतकी वर्षं ती श्वास घ्यावा तशी बोलत आली होती. आता आपण नक्की काय म्हणतो, पूर्वी काय म्हणायचो, याचाच तिला पत्ता लागेना. गॉबनिटला वाटलं, चला, मुरतंय.

मग तिनं प्यू मास्तरांना रविवारी प्रार्थनेनंतर जेवायला बोलावलं. भिंतींना चुना दिला, कोंबडी कापली, डिंगलहून पांढरा पाव मागवला. मेगला घरीच बसवायचं म्हणून तिची खुर्ची सगळ्यात उबेची जागा बघून मांडली. मास्तर आले म्हणजे मागोमाग गाव आलाच. एलीशही आली, हातात सफरचंदाचा केक घेऊन. तो केक गॉबनिटनं फळीवर अगदी मागे ठेवला.

जेवणं झाली. गॉबनिटच्या घरात कधी नव्हे ती माणसं दाटीवाटीनं बसली होती, खिडकीतूनही दोघं डोकावत होती. तिला इतकं सुख झालं की धुतलेल्या बशा ती पुन्हा धुवायला लागली. कुणीतरी म्हणालं, "मेगआजी, ती डुकराची सांगा." विधवेचं डुक्कर जमीनदाराचा कारकून ओढून नेतो, आणि शेवटी त्याला ते स्वतःच्या खांद्यावर घालून परत आणून द्यावं लागतं. ती गोष्ट गावाला पाठ होती, तरी मेगच्या तोंडून ऐकताना लोक पोट धरून हसायचे.

मेगनं सुरुवात केली. कारकुनाची चाल, त्याचं नाकातलं बोलणं, डुकराचं ओरडणं, सगळं झालं. मास्तरांची पेन्सिल चालू होती. "मग तो पावसात भिजत, डुक्कर मानेवर घेऊन दारात आला," मेग म्हणाली, "आणि त्यानं ते डुक्कर परत दिलं त्या... त्या..."

ती थांबली. तिनं गॉबनिटकडे पाहिलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तर आठवेना की मूल बाईंकडे बघतं तसं पाहिलं. गॉबनिटचे ओठ आपोआप हलले. मग मेग ताठ बसली आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "म्नी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. प्यू मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती त्यांनी उचलली, कानामागे खोचली आणि फार हळुवार आवाजात म्हणाले, "वा. छान." त्यांना सगळं समजलं होतं. आणि म्हातारी काही दुधखुळी नव्हती, त्यांना समजलंय हे तिलाही समजलं.

"आजी, मग डुकराचं पुढे काय झालं?" एलीशनं विचारलं. तिला फक्त ती शांतता मोडायची होती.

"मला काय विचारतेस," मेग म्हणाली. "डिंगलवालीला विचार. तिला सगळं येतं."

त्या दिवसानंतर मेग एलीशकडे गेली नाही. कुठेच गेली नाही. चहा झाला की काठी भिंतीला टेकलेलीच राहायची. गावानं बोलावून पाहिलं, मास्तर निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनीही, आजी, पुढच्या वर्षी डुकराची गोष्ट पुरी करा म्हणून आर्जव केलं. मेगनं त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला. मास्तर रिकामेच गेले.

सांगायला लाज वाटते, पण गॉबनिटला आधी आनंदच झाला. बांधापलीकडून हसणं ऐकू येत नव्हतं. एलीशची चूल तिच्या चुलीइतकीच मुकी झाली होती. पहिल्या काही संध्याकाळी तिचा एकही टाका सुटला नाही.

मग एलीशनं तिला विहिरीवर गाठलं.

"काय केलंस गं तू म्हातारीचं?"

"मी काय करणार? तिची इच्छा नाही यायची."

"माझं घर ओस पडलं त्याचं मला काही नाही," एलीश म्हणाली. "पण ती घरात तरी बोलते का?"

गॉबनिटनं बादली उचलली. "तुला काय करायचंय," ती म्हणाली आणि चालू लागली. बोलत नव्हती, म्हणूनच तर झोंबलं. मीठसुद्धा मेग आता बोटानं दाखवायची. पूर्वीचे ते तीन-चार तुटक शब्दही किती होते, हे गॉबनिटला ते गेल्यावर उमगलं. कोंबडी परसात गेली असं कुणी म्हणावं म्हणून ती मुद्दाम फाटक उघडं टाकायची. मेग कोंबडीकडे बघायची, सुनेकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची.

हिवाळा सरता सरता मेगनं अंथरूण धरलं. छातीत कफ भरला होता. गॉबनिटनं तिचं सगळं केलं. पाय चोळले, कूस बदलली, दुधात पाव कुस्करून भरवला. एलीश रस्सा घेऊन यायची, तेव्हा गॉबनिट तो दारातच घ्यायची आणि म्हणायची, "झोपल्यात." म्हातारी जागी असली तरी म्हणायची. मरणाच्या खाटेशीसुद्धा तिला वाटेकरी नको होती. हे बरोबर नाही हे तिला कळत होतं, तरी तिचा हात दारावरून हलत नसे.

एका सकाळी दॉनल मासेमारीहून लवकर परतला. त्यानं चहा केला आणि कप घेऊन आईच्या खाटेपाशी आला. गॉबनिट पहाटेपासून तिथं उभी होती. मेगच्या पाठीला उशी लावून तिला टेकवत होती. म्हातारीनं कपाकडे पाहिलं. दम लागला होता, तरी अगदी रोजच्या, जरा वैतागलेल्या सुरात मुलावर खेकसली, "आधी घरच्या म्नी दे. बघ तरी, सकाळपासून बसली नाहीये ती."

दॉनलनं कप गॉबनिटच्या हातात दिला.

घरच्या बाईला. म्हणजे तिला. गॉबनिट खाटेच्या कडेवर बसली. मनात आधी काय आलं, तर प्यू मास्तर. त्यांची पेन्सिल. मग तिला स्वतःची शिसारी आली आणि ती कपात तोंड घालून रडली. मेगला त्याचं काही वाटलं असेल असं दिसलं नाही. "गार होईल," ती म्हणाली. आठवडाभरात मेग गेली. तिच्या प्रेतापाशी सगळा गाव जागला, पाइप ओढले, चहा प्यायले, आणि डुकराची गोष्ट कुणालाच तिच्यासारखी सांगता आली नाही.

उन्हाळ्यात मास्तर आले, एलीशकडेच उतरले. गॉबनिट अंडी-बिंडी काही न घेता सरळ गेली आणि चुलीपाशी उभी राहिली. एलीश कणीक मळत होती.

"मास्तर, तो शब्द सासूबाई म्हणाल्या," गॉबनिट म्हणाली. "कुणी न सांगता. मी त्या दिवशी गोठ्यामागून तुमचं आणि फादरांचं ऐकलं होतं, तेही आता सांगून टाकते. पण या वेळी मी तोंड उघडलं नव्हतं." आणि तिनं चहाची हकीकत सांगितली.

मास्तरांचा चेहरा उजळला आणि हळूहळू विझला. "दॉनल होता ना तिथं? तो काय म्हणतो?"

"त्याला विचारून झालं. तो म्हणतो, तुला चहा दे म्हणाली. शब्द कुठला होता ते त्याला आठवत नाही."

"तसंच असतं," मास्तर म्हणाले. "माणसं अर्थ ऐकतात, शब्द ऐकत नाहीत. ज्याला माहीत असतं तोच शब्द ऐकतो. आणि ज्याला माहीत असतं त्याची साक्ष मला धरता येत नाही. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही, बाई. पण तुमच्या कानांना तो हवा होता. आणखी कुणी असतं तर..."

एलीशचे पिठाचे हात थांबले. "मी होते," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"रस्सा घेऊन आले होते. दारातच होते. मीही ऐकलं, आधी घरच्या म्नी दे." तिनं मान खाली घातली आणि पुन्हा कणीक मळायला लागली. "लिहा मास्तर. आजीचं नाव लागेल पुस्तकात. आजीच्या आणि हिच्या घराचंही लागेल. गॉबनिटच्या चुलीपाशी, असं लिहा."

मास्तरांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. त्यांना ते किती हवं होतं हे दिसत होतं. ते गॉबनिटकडे वळले. तिनं नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. आयुष्यभर जे मागितलं ते सगळं तिच्यापुढे वाढलेलं होतं. तिची चूल, तिचं घर, छापील अक्षरांत. आणि एलीश चांगुलपणानं देत होती, त्यात खोट नव्हती. हे गॉबनिटला कळलं, आणि म्हणूनच तिचा जळफळाट झाला.

"ही नव्हती," गॉबनिट म्हणाली.

"गॉबनिट," एलीश हळूच म्हणाली. "अगं, आजीसाठी म्हणतेय मी."

"माहीत आहे. पण तू नव्हतीस. दारात नव्हतीस, अंगणात नव्हतीस. मी तुला येऊच दिलं नव्हतं." तिचा आवाज चढला नाही. "मास्तर, नका लिहू."

मास्तरांनी हात खाली घेतला. एलीशनं कणकेचा गोळा टोपात ठेवला आणि तिच्याकडे टक लावून बघितलं. "अजून माझ्यावर जळतेस," ती म्हणाली. "ती जाऊनसुद्धा."

"हो," गॉबनिट म्हणाली. "बाकी सगळं तिनं तुला दिलं. हे मला म्हणाली."